आईचा उजवा कान

पासपोर्टसाठी मी काढलेल्या फोटोत आईचा उजवा कान अप्रतिम आला होता, हे मी आजही कोणासमोरही छातीठोकपणे सांगेन. कानाची पाळी, पाळीवरचं बारीक छिद्र, वरच्या कडेची पांढरी लव, इतकंच काय, चष्म्याची काडी जिथे टेकते तिथे वर्षानुवर्षांच्या वापराने पडलेली खाच, सगळं लख्ख. कानाच्या डॉक्टरांच्या परिषदेत तो फोटो लावला असता तर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. अडचण एवढीच होती, की कानाच्या पुढे जो भाग असतो, ज्याला सर्वसाधारणपणे चेहरा म्हणतात, तो धुक्यात गेला होता. आणि पासपोर्ट देणारं खातं, निदान अजून तरी, माणसाला कानावरून ओळखत नाही.

हे सांगताना मला लाज वाटते. पण लाज वाटते म्हणून गप्प बसावं तर आमच्या अख्ख्या इमारतीला ते आधीच माहीत आहे. निदान माझ्या तोंडून गेलं तर तपशील तरी बरोबर जातील.

झालं असं, की परदेशात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले होते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. तिचा फोन आला, "दादा, इथले डॉक्टर चांगले आहेत, सगळं चांगलं आहे. पण मला आई हवी. तू तिला पाठव."

आमची आई जन्मभर प्रसूती विभागात नर्स होती. शहरातली निम्मी माणसं आपल्या हातावर जन्मली असं ती म्हणते. उरलेली निम्मी कुणाच्या निष्काळजीपणामुळे जन्मली, हे ती सांगत नाही. इतक्या परक्या बायकांच्या उशाशी उभी राहिलेली आई स्वतःच्या मुलीच्या वेळी तिथे असणार, यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. तिने त्याच संध्याकाळी बॅग काढून पुसली. फक्त तिच्याकडे पासपोर्ट नव्हता.

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. अर्जाला फोटो जोडायचा, फोटो मंजूर झाला की कार्यालयात जायची तारीख मिळणार. बायको म्हणाली, "आईंना कोपऱ्यावरच्या स्टुडिओत घेऊन जा. दोन मिनिटांचं काम आहे."

मी चष्मा काढून पुसायला घेतला. काही गंभीर बोलण्याआधी मी चष्मा पुसतो. तेवढ्या वेळात बायको स्वयंपाकघरात निघून जाते.

तर ते गंभीर बोलणं इथे सांगतो. माझ्याकडे एक जुना कॅमेरा आहे. सेकंडहँड घेतला तेव्हाच म्हातारा होता. लोखंडी, जड, रोल घालायचा. त्यात आपोआप काहीही होत नाही. फोकस हाताने लावायचा, उजेड आपण मोजायचा, चूक झाली तर तीही आपणच करायची. हल्लीचे कॅमेरे सगळं स्वतःच ठरवतात, आणि माझं म्हणणं असं, की कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, त्याला सरासरी कळते. समोर पांढरी भिंत आली की त्याला वाटतं, बाप रे, केवढा हा उजेड! मग तो भिंतीपुढच्या गरीब माणसाला काळवंडून टाकतो. समोर काळा कोट आला की तोच कॅमेरा घाबरून चेहरा पांढराफटक करतो. हे मी घरी, ऑफिसात, जिन्यात आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही सांगितलेलं आहे. आणि मुख्य म्हणजे, कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्यालाही सांगितलं होतं. त्याच्याच दुकानात, गिऱ्हाइकं बसलेली असताना. तो स्टुलावर बसल्या बसल्या, समोरच्याकडे न बघता बटण दाबत होता. मी त्याला म्हटलं होतं, "याला फोटो काढणं म्हणत नाहीत. हे दिवा लावण्यासारखं आहे."

आता त्याच माणसाच्या दुकानात स्वतःच्या आईला घेऊन जायचं?

"मी काढीन," मी म्हटलं.

"बघ हं," आत भांडी लावता लावता बायको म्हणाली. बायकोचं 'बघ हं' हे वाक्य फार लहान असतं, पण ते पुढे बरेच दिवस चालतं.

पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी पांढरी चादर हवी होती. आमच्याकडच्या सगळ्या चादरींवर काही ना काही उमललेलं होतं. समोरच्या वहिनींनी त्यांची कोरी चादर दिली आणि तिच्याबरोबर स्वतःही आल्या. "डाग नको हं पडायला," म्हणत त्या खुर्ची ओढून बसल्या. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मीटरकाका उतरले. मीटरकाका विजेच्या खात्यात घरोघरी मीटर तपासायचे. माझ्याकडे उजेड मोजायचा छोटा मीटर आहे हे कळल्यापासून त्या बाबतीतला शेवटचा शब्द आपला, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"किती दाखवतोय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"जास्त दाखवतोय," ते म्हणाले. "मीटर नेहमी जास्तच दाखवतात. तीस वर्षं लोक मला हेच सांगत आले."

आईला गॅलरीत चादरीपुढे बसवलं. तिने ठेवणीतली साडी नेसली होती, चष्मा काढून हातात धरला होता. माझ्या कॅमेऱ्यातून बघितलं की मधल्या गोलात माणसाचे दोन तुकडे दिसतात, वरचा अर्धा एकीकडे आणि खालचा अर्धा दुसरीकडे. भिंगाचं कडं फिरवत ते दोन तुकडे जुळवायचे. जुळले की फोकस बरोबर. हा क्षण फार आनंदाचा असतो. मी भिंग पूर्ण उघडं ठेवलं होतं, कारण तसं केलं की चेहरा तेवढा उठून येतो आणि मागचं सगळं विरघळतं. त्यात धोका असा, की अगदी बोटभर जागाच स्पष्ट येते. त्या बोटाच्या मागेपुढे सगळं धुकं.

"आई, हलू नकोस. श्वास घेऊ नकोस."

"मी जन्मभर बायकांना श्वास घ्या म्हणून सांगत आले," आई म्हणाली आणि हसून किंचित पुढे झुकली. त्याच वेळी मी बटण दाबलं. डोळ्यांवर लावलेला फोकस गुपचूप मागे सरकून कानावर जाऊन बसला. मला ते कळलं नाही. मी समाधानाने मान डोलवली आणि वहिनींना समजावून सांगितलं, की ऑटोमॅटिक कॅमेऱ्याला हे जमलंच नसतं. एका अर्थी ते खरंच होतं.

रोल धुवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला द्यावा लागतो. तिथला माणूस भरपूर रोल साठल्याशिवाय रसायन कालवत नाही. बऱ्याच दिवसांनी फोटो आले. प्रत्येकात कान सुंदर. त्यातल्या त्यात चेहऱ्यासारखा दिसणारा एक निवडून, स्कॅन करून मी अर्जाला जोडला, आणि थोड्याच वेळात उत्तर आलं: "छायाचित्र अस्पष्ट. पुन्हा सादर करावे."

आता मी नोकरी कुठे करतो ते सांगायला हवं. मी विमा कंपनीत दावे तपासतो. चेपलेल्या गाड्या, फुटलेल्या काचा, पाणी शिरलेली दुकानं, यांचे फोटो माझ्या टेबलावर येतात आणि त्यांतल्या निम्म्यांवर मी लिहितो, "छायाचित्र अस्पष्ट. पुन्हा सादर करावे." अगदी हेच शब्द. इतकी वर्षं मला वाटायचं, किती सौम्य आणि सभ्य वाक्य आहे हे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका स्कूटरचा हललेला फोटो समोर आला तेव्हा माझं पेन वरच्या वर थांबलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "काय झालं? बरं नाही का?" मी तो दावा तसाच पुढे पाठवला. साहेबांनी बोलावून विचारलं, हे फोटोत काय आहे, स्कूटर की शेळी? मी कानकोंडा होऊन उभा राहिलो.

घरी बायकोने एवढंच विचारलं, "आता स्टुडिओत जाणार ना?"

"एकदा चुकलं म्हणून?" मी म्हणालो. "चूक कुठे झाली ते मला कळलेलं आहे." माणसाला चूक कळते तेव्हाच तो खरा धोकादायक होतो, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी मी भिंग बारीक केलं, म्हणजे नाकापासून कानापर्यंत सगळं स्पष्ट येणार. पण भिंग बारीक केलं की उजेड जास्त लागतो, म्हणून खुर्ची गॅलरीतून गच्चीवर गेली. चादर गेली, चादरीमागोमाग वहिनी गेल्या. वर पोहोचलो तर मीटरकाका आधीच टाकीला टेकून उभे.

पांढरी चादर बघून मीटर फसतो हे मला माहीत होतं. तो सांगेल त्याहून थोडा जास्त उजेड आत घ्यायचा असतो. तो मी घेतला. काका म्हणाले, "आणखी घ्या." मी म्हटलं, पुरे. ते म्हणाले, "अहो, पांढऱ्यापुढे मीटर घाबरतो असं तुम्हीच सांगता ना जिन्यात?" स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं की फार पटतं. मी आणखी घेतला.

या वेळी फोटो स्पष्ट आला. आईचे डोळे, नाक, हनुवटीवरचा तीळ, सगळं जागच्या जागी. मी तो मोठ्या ऐटीत अर्जाला जोडला. उत्तर आलं: "डोक्याचा वरचा भाग आढळला नाही."

आईचे केस पूर्ण पांढरे आहेत. मागे पांढरी चादर. वरून काकांचा उजेड. केस चादरीत मिसळून गेले होते आणि आई भुवयांच्या थोडी वर अचानक थांबत होती.

आईने चष्मा लावून पडद्याकडे बघितलं. "अरे," ती म्हणाली, "मी तर इथेच संपले."

ही बातमी जिन्यातून खाली जायला वेळ लागला नाही. वहिनींनी केस काळे करायचा सल्ला दिला. आई म्हणाली, "नातवंडाला बघायला जातेय, नोकरी मागायला नाही." खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मला फाटकात थांबवून अत्यंत काळजीने विचारलं, "तुमच्या आईंच्या डोक्याचं काय झालं म्हणे?" मी त्यांना सगळं समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

एव्हाना बहिणीचे फोन लहान होत चालले होते. "दादा, तू अजून फोटोच काढतोयस?"

"या आठवड्यात नक्की."

"इथे फोनवरून फोटो काढतात आणि तिथल्या तिथे पाठवतात, माहितीय ना तुला?"

"फोनला माणूस कळत नाही," मी म्हणालो.

"मला आई हवीय," ती म्हणाली. "तुझा कॅमेरा नकोय." आणि फोन ठेवला.

हे ऐकून शहाणा माणूस स्टुडिओत गेला असता. मी मात्र दुखावला गेलो. दुखावलेल्या माणसाच्या हातात कॅमेरा देऊ नये.

तिसऱ्या खेपेची तयारी मी लग्नाच्या वर केली. चादर आईपासून लांब, टाकीच्या सावलीत बांधली, म्हणजे ती पांढरीही दिसेल आणि केसांपासून वेगळीही राहील. आईवर बाजूने ऊन. काकांना खालीच अडकवून ठेवायला मी बायकोला सांगितलं होतं. तिने त्यांना चहाला थांबवून ठेवलं, ही तिची या प्रकरणातली एकमेव मदत, आणि ती फार मोठी होती. सगळं जमून आलं. गोलातले आईचे दोन तुकडे असे जुळले, की जणू कधी वेगळे नव्हतेच. गच्चीवर वाळवण बघायला आलेल्या बायका थांबून बघू लागल्या. मी प्रत्येक फोटोआधी थोडं बोललो. एकीने विचारलंही, "इतकं सगळं बघायला लागतं?" मी म्हणालो, "बघणं हेच तर काम आहे."

आई उन्हात बसून होती. तिचा चेहरा लाल झाला होता. "झालं का रे?" ती मधूनमधून विचारायची, आणि मी म्हणायचो, "शेवटचा." अख्खा रोल मी शेवटचा म्हणत संपवला.

तो रोल धुवायला गेलेला असताना, एका सकाळी आम्ही चहा पीत होतो आणि जावयाचा फोन आला. पूर्ण दिवस भरले नव्हते. अजून बराच अवधी होता. पण बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्यात नेलं होतं, आणि जावई फोनवर रडत होता.

आईने माझ्या हातातून फोन घेतला. तिचा आवाज एकदम बदलला. तो आवाज मी लहानपणापासून ऐकला नव्हता. तो तिच्या कामावरचा आवाज होता. "आधी तू बस," ती जावयाला म्हणाली. "पाणी पी. प्यायलास? आता फोन तिच्या कानाशी धर." मग ती बहिणीशी बोलू लागली. "मी आहे. हो, इथेच आहे. आता जोर नाही लावायचा, नुसता श्वास सोडायचा. तोंडाने. सोड. छान. परत." ती डोळे मिटून, एक हात हवेत धरून बोलत होती, जणू त्या हाताखाली कुणाचं तरी पोट होतं.

मग पलीकडे कुणीतरी परक्या भाषेत काहीतरी म्हणालं. आत फोन न्यायला परवानगी नव्हती. फोन बंद झाला.

आई तशीच बसून राहिली. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. इतक्या मुलांना या जगात ओढून आणलेले ते हात, आणि आज नेमकं त्यांना काही काम नव्हतं. का नव्हतं, ते खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मी झडप घालून उचलला. रोल धुणारा माणूस होता. "साहेब, तुमचा रोल कोरा आलाय."

"कोरा म्हणजे?"

"म्हणजे आत पुढे सरकलाच नाही तो. बसवताना आतल्या चाकाच्या दातांत अडकला नसणार. चुकून नवाच पाठवला की काय म्हणून विचारतोय."

म्हणजे मी सगळ्या गच्चीसमोर, भाषण करत, आईला उन्हात बसवून, रिकामा कॅमेरा वाजवत होतो.

"ठेवा," मी म्हटलं.

दुपारी निरोप आला. मुलगी झाली. वजन कमी होतं, पण दोघी ठीक होत्या. आईने डोळे पुसले, बायकोने आईला जवळ घेतलं, आणि मी दाराच्या चौकटीत उभा होतो. पाय आत पडेना आणि बाहेरही पडेना.

"सकाळी कुणाचा फोन होता?" आईने विचारलं.

"रोलवाल्याचा."

"आला का रोल?"

"कोरा आला," मी म्हणालो.

आईने उठून दोरीवरचे कपडे काढायला सुरुवात केली. ती चिडली असती, एक शब्द बोलली असती, तर मी लगेच काहीतरी समजावून सांगितलं असतं, आणि बहुधा म्हणूनच ती बोलली नाही. मी मदतीला गेलो. ती म्हणाली, "राहू दे. तुला घडी नीट घालता येत नाही."

संध्याकाळी मी आईला घेऊन कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. वाटेत मी दोन-तीन वाक्यं तयार केली होती. मोठेपणाने चूक मान्य करणारी, पण तत्त्व न सोडणारी. स्टुडिओवाला स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्याने आईला बसवलं, कॅमेऱ्याकडे नुसता हात लांब केला आणि बटण दाबलं. फोटो बाहेर आला. केस होते, चेहरा होता, दोन्ही कान होते. पांढऱ्या भिंतीपुढे आई काळवंडलीही नव्हती.

"मागे एकदा मी तुमच्या दुकानात जे बोललो होतो," मी सुरुवात केली, "त्याबद्दल..."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही? काय बोलला होतात?"

"नाही... फोटोबद्दल. दिवा लावण्याबद्दल."

"आठवत नाही हो," तो म्हणाला. "रोज कुणी ना कुणी काहीतरी सांगून जातं." आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

इतके दिवस मी ज्याला तोंड दाखवायचं टाळत होतो, त्याने ते तोंड लक्षातच ठेवलं नव्हतं. अपमान लक्षात राहिला असता तर निदान बरोबरी झाली असती.

फोटो मंजूर झाला. तारीख मिळाली. पासपोर्टच्या कार्यालयात खिडकीमागे एक बाई होत्या. पाठीला उशी, बोटाला रबरी टोपी, चेहऱ्यावर दुपार. त्यांनी आईचे कागद चाळले, पंच केले, टाचले, आणि मग म्हणाल्या, "आजी, इकडे बघा." त्यांच्या कॉम्प्युटरवर सुपारीएवढा एक कॅमेरा बसवलेला होता. आईने बघितलं. टिक् असा आवाज झाला. "झालं."

"काय झालं?" मी विचारलं.

"फोटो. पासपोर्टवर हाच छापतात. आम्ही इथेच काढतो सगळ्यांचे."

"आणि तो अर्जाबरोबर जोडलेला?"

"तो अर्जासाठी."

"पण मग तो कशाला मागता?"

बाईंनी पहिल्यांदाच डोळे वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांना प्रश्न नवा होता. त्यांनी थोडा विचारही केला. "अर्जात जागा आहे त्याला," त्या म्हणाल्या. "पुढचा."

बाकावर येऊन बसल्यावर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "चांगली होती बाई. उगाच बोलली नाही."

पासपोर्ट आला, व्हिसा आला, तिकीट आलं. नात एव्हाना माणसं ओळखून हसायला लागली होती, असं बहीण सांगायची. ती माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागली होती. मुद्दाम नीट, जसं आजारी माणसाशी बोलतात.

विमानतळावर आईला सोडायला मी आणि बायको गेलो. कॅमेरा घरी ठेवला होता. आईने बायकोला जवळ घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला, "जेवत जा वेळेवर," म्हणाली आणि तपासणीच्या रांगेला लागली. रांग लांब होती. आम्ही दोरीच्या अलीकडे उभे राहिलो. आईच्या डोक्यावरचे पांढरे केस हळूहळू पुढे सरकत होते.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. एक मोठं कुटुंब कुणाला तरी निरोप द्यायला आलं होतं. त्यांतली मुलगी फोन पुढे करून म्हणाली, "काका, आमचा एक फोटो काढाल का? काही करायचं नाही, नुसतं इथे दाबायचं."

मी फोन घेतला. बघितलं तर त्यांच्या मागे थेट काचेची भिंत होती. सगळा उजेड मागून.

"असे नका उभे राहू," मी म्हटलं. "चेहरे काळे पडतील. इकडे या. नाही, आजोबांना मध्ये घ्या. तुम्ही जरा वळा. अजून. हनुवटी खाली. हां."

ती सगळी हसत हसत सरकली. मी दाबलं. मुलीने फोन बघितला आणि म्हणाली, "वा, मस्त आलाय!" बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मला असं म्हणत होतं. मी एक पाऊल मागे घेऊन म्हणालो, "थांबा, एक आडवा काढू."

मी वळलो तेव्हा रांगेत आई नव्हती.

"कुठे गेली?"

"आत," बायको म्हणाली. "वळल्या होत्या. हात केला त्यांनी. बराच वेळ उभ्या होत्या तशा, मागचा माणूस पुढे व्हा म्हणेपर्यंत. मी तुला हाका मारल्या."

मी आईला फोन लावला. तिने लगेच उचलला. मागे चाकांच्या बॅगांचा खडखडाट होता.

"आई, अगं, तू वळलीस तेव्हा मी..."

"दिसलास मला," आई म्हणाली. "कुणाला तरी नीट उभं करत होतास. म्हटलं, कशाला मध्ये बोलायचं."

"कुठे आहेस आता?"

"काचेच्या पलीकडे. इथून तुम्ही दोघं दिसताय."

मी बघितलं. काचेपलीकडे उजेड होता, आणि त्या उजेडापुढून चालणारी सगळी माणसं सारखीच काळी दिसत होती. त्यांत आई कोणती ते मला ओळखता येईना. विचारायचीही लाज वाटली. मग मी हात वर केला, आणि तो कुठल्या बाजूला करायचा ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्या काचेला केला.